रेतीवर आरामखुर्ची

८ जाने. ८३, शनि. चंद्रपूर
रजा मंजूर. आठवा लागला म्हणून नाही, डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'पूर्ण विश्रांती' लिहून दिलं म्हणून. मागच्या वेळचं (मुलगी, सातवा महिना) त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, कुठेतरी पाण्याकाठी जा, हवापालट करा, नुसतं बसा. मला नुसतं बसता येत नाही हे त्यांना माहीत नाही.

मधुकर (दरवेळी पूर्ण नाव कोण लिहिणार, म. पुरे) बांधकाम खात्यात कारकून, म्हणून रेस्टहाऊस लगेच मिळालं. चामोर्शीच्या पुढे, वैनगंगेच्या काठी. दिवाळी अंकात समुद्रावरच्या एका हॉटेलची जाहिरात होती. लांब खुर्ची, मोठी छत्री, खुर्चीत पाय पसरलेली बाई. तेव्हापासून यांच्या डोक्यात ते बसलं आहे. "समुद्र आपल्याले परवडते का? पण रेती तं हाये न आपल्या इकडं."

माझी ड्यूटीची पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आठ दिवस तू नर्स नाई. पेशंट हायेस." भोंगा मात्र मी आधीच काढून टॉवेलात गुंडाळला होता. पोटाला टेकवून बाळाचे ठोके ऐकायचा पत्र्याचा कर्णा. खेड्यातल्या बायका त्याला भोंगाच म्हणतात. मागच्या वेळी झालं ते झालं. या वेळी भोंगा घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडणार नव्हते.

९, रवि. रेस्टहाऊस
चामोर्शीला गरम भजी (डॉ.ना सांगायचं नाही). बस फाट्यावर सोडते, पुढे बैलबंडी. म.नी खाली भाताची तणस अंथरून घेतली, तरी मी प्रत्येक खड्ड्याला पोट दोन्ही हातांनी धरून बसले. आतून चांगल्या लाथा. चिडलं असणार. बापाच्या हौसेपायी हाल.

चौकीदार तुळशीराम. त्याची बायको सोनाबाई स्वयंपाक करते. तिला ऐकू कमी येतं. तिला चहा सांगितला की नदीपलीकडची माणसं वळून बघतात.

संध्याकाळी म.नी आरामखुर्ची उचलून थेट रेतीवर नेली. साहेब लोकांसाठी ठेवलेली, लांब हातांची. बाजूला ऑफिसची काळी छत्री रोवली. ना ऊन, ना पाऊस, आणि मी स्वेटर, शाल, कानाला मफलर. "बस. हा आपला समुद्र." एवढी हसले की पोट दुखायला लागलं, मग घाबरून गप्प झाले.

१०, सोम.
काही केलं नाही. खरोखर काही नाही. लाखोळीची भाजी, भात, झोप, परत खुर्ची. पाण्यात बगळे. पायी गावं पालथी घालणारी मी, आज माझी चप्पलसुद्धा म.नी आणून दिली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

चहा पिता पिता लक्षात आलं. आज हललं का? सकाळी? आठवेना. काल बंडीत, हो. रात्री? एरवी कामाच्या धांदलीत असते, आता तर दिवसभर पोट कुरवाळत बसलेय, तरी आठवेना म्हणजे

झोपलं असेल. तेही विश्रांती घेतंय. म.ना बोलले नाही. ते छत्री सरळ करत होते.

११, मंगळ.
नाही हललं.

डाव्या कुशीवर पडले. गुळाचं पाणी प्यायले. मग गार पाणी. पोटाला हलक्या टिचक्या मारल्या. हे सगळं मी बायकांना सांगते आणि त्या येऊन सांगतात, हललं जी बाई. मी मान हलवून पुढच्या घरी जाते.

स्वतः चाचपून पाहिलं. दुसरीच्या पोटावर डोळे मिटून सांगते, इथे डोकं, इथे पाठ. माझ्या पोटावर माझीच बोटं काही सांगेनात.

दुपारी म.ना सांगितलं. त्यांनी छत्री मिटली, उघडली, परत मिटली. मी टॉवेलातून भोंगा काढला तर रागावलेसुद्धा नाहीत.

आणि मग ध्यानात आलं. भोंगा मी स्वतःच्या पोटाला टेकवू शकते, पण त्याला लावायला माझा कान कुठे पोचतो? इतकी बाळंतपणं केली, आणि एवढी साधी गोष्ट चंद्रपुरात सामान बांधताना सुचली नाही. शहाणी.

सोनाबाई बहिरी. उरले म. कुठे टेकवायचा दाखवलं. हात काढायचा, कानानंच दाबायचा, श्वास धरायचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, खेड्यातल्या बायका माझ्या तोंडाकडे बघतात तशी. तोंड एकदम उजळलं.

"येऊन राह्यलं न वं! चांगलं धक् धक् येते!"

रडले. मग जेवले, सोनाबाईनं वाढलं तेवढं सगळं. जवसाची चटणीसुद्धा मागून घेतली.

१२, बुध.
ठोके आहेत तर हलत का नाही?

सकाळी परत ऐकायला लावलं. "येते न." म्हटलं, जसं ऐकू येतं तसं माझ्या हातावर बोटानं वाजवा. वाजवायला लागले. माझा दुसरा हात सवयीनं माझ्या गळ्यावर, नाडीशी गेला.

म.चं बोट आणि माझी नाडी. बरोबर. एकही ठोका पुढेमागे नाही.

ते माझेच होते. कालही माझेच. काल मी माझ्याच काळजाच्या ठोक्यांवर खूश होऊन चटणी मागून घेतली.

एवढी भीती मला कधीच वाटलेली नाही, मागच्या वेळीही नाही, कारण तेव्हा कळलं तोवर घाबरायला काही उरलं नव्हतं.

म.ना सांगितलं. "त्याचे कसे असते?" घाईचे असतात, म्हटलं, माझ्यापेक्षा पुष्कळ घाईचे. त्यांच्या हातावर वाजवून दाखवलं.

दाखवायला नको होतं. हे नंतर कळलं.

म. भोंगा घेऊन डावीकडे, खाली, बेंबीशी, उजवीकडे. किती वेळ कोण जाणे. मी छताच्या कौलांकडे बघत. मग त्यांचं बोट वाजायला लागलं. भराभर. माझ्या नाडीशी अजिबात न जुळणारं. अगदी मी दाखवलं होतं तसं.

अगदी तसंच.

"हेच न? कुंदा, हेच हाये न?" डोळे भरलेले.

कशानं भरलेले? हा माणूस माझ्याशी खोटं बोलत नाही. लग्नापासून एकदाच बोललाय. मागच्या वेळी, दवाखान्यात. मी विचारलं, रडली का नाही? तर म्हणाले, "झोपली हाये पोट्टी."

शपथ घालणार होते. नाही घातली. माझ्यासाठी खोटीसुद्धा घेतील.

आजची बस केव्हाच गेली. उद्या सकाळी पहिल्या बसनं चंद्रपूर, दवाखाना. फाट्यापर्यंत तीच बंडी, तेच खड्डे. जाण्याची भीती, राहण्याचीही. सोनाबाईला कोणी सांगितलं माहीत नाही, येऊन जवळ बसली. "जावा माय तुमी. इथी बसून नदीले इचारान का?" मी ओरडून म्हटलं, भीती वाटते! तिला पहिल्यांदाच एका हाकेत ऐकू आलं. पाठीवरून हात फिरवत बसली.

आज खुर्चीत गेले नाही. खिडकीतून दिसते आहे, छत्रीसकट. कोणी आत आणली नाही.

१३, गुरु. फाटा
बसची वाट. मोहाच्या झाडाखाली सतरंजी, उताणी पडून लिहितेय, अक्षर वाकडं.

तुळशीराम सगळी वाट बैलांच्या पुढे चालला, एकेक खड्डा चुकवत. म. बंडीत बसले नाहीत, तेवढंच वजन कमी. मागून चालत होते. तरी धक्के बसलेच. आत काही झालं की नाही, धक्का कुठला आणि पोटातलं कुठलं, काही कळलं नाही.

आत्ता म. म्हणाले, "आयकू का एकदा?" नको म्हणणार होते. नाही म्हणवलं.

शालीखाली भोंगा. काल जिथे सापडलं होतं तिथेच, उजवीकडे. बोट माझ्या हातावर ठेवलं. मी गळ्याशी हात नेलाच नाही. गरज नव्हती, त्यांना आता चाल माहीत आहे. पाहिजे तशी वाजवतील आणि मी पाहिजे तसं समजेन, बस येईपर्यंत.

बोट वाजलं नाही.

वाट पाहिली. म.नी भोंगा थोडा सरकवला, परत टेकवला. तोंड पांढरं.

"हरवलं वं. काल इथीच होतं. इथीच होतं न!"

खोटं बोलायचं असतं तर आजही वाजवता आलं असतं. किती सोपं होतं. म्हणजे काल खरंच होतं. काल ऐकलं होतं यांनी, काल सकाळी माझं बाळ जिवंत होतं, आणि मी रात्रभर या माणसावर संशय घेतला.

काल होतं.

बंडीत कूस बदलली असेल. बदलतात. आठव्यात बदलतात, मीच सांगते बायकांना. पाठ फिरली की ठोके दुसरीकडे जातात. डावीकडे बघा, म्हटलं. वर बघा.

वळणावर धूळ दिसतेय. बसच असणार. तुळशीराम रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलाय, दोन्ही हात वर करून. मी म.ना म्हटलं, उठा, बस आली.

उठत नाहीत. कान पोटावर, बोट माझ्या हातावर तसंच टेकवलेलं.

"थांब न जराशी. बोलू नको."