कमरेच्या वर

मेव्हिस,

सूप शेगडीवर आहे. दाराला कडी आणि साखळी दोन्ही लाव. हॉवर्डला आपला पत्ता ठाऊक आहे. मी बसने आईकडे चाललेय.

टीव्हीवरच्या नाताळच्या संगीतिकेत आज तुझ्या जागी मी गायले. कार्यक्रम थेट चालू असताना कुणाला थांबता येत नाही आणि गाताना कॅमेरा कमरेच्या वरच बघतो. याचा कंजूष म्हाताऱ्याचं काम करणारा हॉवर्ड किती फायदा घेतो, हे तुझ्या मोडक्या बोटांना सांगायला नको. आजही त्याने माझ्या नडगीवर बूट हाणला आणि दातांतून म्हणाला, "हस बयो, देश बघतोय."

मी हसले. आणि त्या कंजूषाला सुधारायला येणाऱ्या भुताच्या साखळीचा गोळा पायानेच पायरीवरून त्याच्या घोट्यावर लोटला. खणखणाट खरा वाटावा म्हणून तो गोळा लोखंडीच ठेवतात. हाड मोडल्याचं मला व्हायोलिनांतूनही ऐकू आलं. पण त्यालाही थांबता येईना. पश्चात्तापाचं अख्खं गाणं त्याने उभ्यानेच म्हटलं.

मघाशी आईचा फोन आला होता. म्हणाली, "शेवटी किती मनापासून रडला गं तो."

मी म्हटलं, "हो, आज त्याने जीव ओतला."

विनी