नळाच्या दिवशीचे बीपी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
रविवार, १९ मे २०१९

सौ. उमावन्संना नमस्कार.

बुधवारी, नळाच्या दिवशी, तुमचे बंधू मोरीत चक्कर येऊन खाली बसले आणि त्यांचे बीपी चौऱ्याऐंशी भरले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. फोन केला असता, पण माझे बोलणे गैरसोयीचे झाले की तुम्हाला आवाज येईनासा होतो. तुमचे गुडघे आणि दौलताबादच्या विहिरीचे पाणी (अजून आहे असे ऐकते) ठीक असावे.

फेब्रुवारीत त्यांचे हृदय अशक्त होऊन पायांत पाणी उतरले तेव्हापासून पाच प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. पूर्वी बीपी दीडशे असायचे तेव्हा डॉक्टर कपाळाला आठ्या घालत. आता एकशेचार आले की खूश होतात. आकडा घसरल्यावर खूश होणाऱ्या माणसावर माझा लगेच विश्वास बसत नाही. ते म्हणाले, थकलेल्या हृदयावर भार कमी पडतो, चक्कर नसेल तर काळजी नको, रोज लिहून ठेवा. मी दोन वेळा लिहिते (एकाहत्तर साली बी.एस्सी. झाले, आलेख कळतो). तीन आठवड्यांत लक्षात आले की नळ गेला की बीपी रोज चढते, एकशेदहा, अठरा, अठ्ठावीस, पाय सुजतात, आणि सहाव्या दिवशी नळ आला की धाडकन खाली. आजाराला महापालिकेचे वेळापत्रक ठाऊक नसते. तेव्हा यात माणसाचा हात आहे.

आधी मशीनवर संशय घेतला. स्वतःला लावून पाहिले तर एकशेबेचाळीस, म्हणजे मशीन भरवशाचे नाही. मग वरचा भाडेकरू चिन्मय, जो नळाला मोटार लावून तुमच्या बंधूंना संतापवतो. पण संतापाने बीपी चढायला हवे. उरले तुमचे लिंबाचे लोणचे, जे तुमची स्वरदा प्रत्येक खेपेला आणून देते. मिठाने सूज वाढते हे तुमच्या बंधूंना माहीत आहे. विचारले तर म्हणाले, "अगं, वास घेतला फक्त." वासाने कुणाचे पाय सुजत नाहीत, वन्सं. तुम्ही सख्ख्या भावाचे वाटोळे करत आहात, हे स्पष्ट लिहिते. बरणी जप्त केली आहे.

तुमची वहिनी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी शेजारच्या जमिलाबी आल्या. (निवृत्त नर्स आहेत.) म्हणाल्या, "भाभी, मशीन को कायको डांटते? गोलियां गिनो ना." मोजल्या. अंगातले पाणी काढणारी गोळी रोज एक घ्यायची. चष्म्याच्या घरात त्याच आठ निघाल्या. तुमच्या बंधूंनी चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली, त्यामुळे लाज न वाटता खुलासा केला. "ती घेतली की सहा वेळा जावं लागतं, दर वेळी अर्धी बादली. पाणी नसताना गेट उघडायचं नसतं. टाकी भरली की आवर्तन सोडायचं." म्हणजे कोरडे पाच दिवस गोळी बंद आणि नळाच्या दिवशी एकदम तीन. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मलाच झापले. रोज एक, चुकली तर दुप्पट नाही.

'दिवसाला एकच बादली' ही चिठ्ठी मोरीच्या दारावर माझ्याच अक्षरात होती. काढली. लोणच्याचा आरोप शाईने लिहिला असल्यामुळे राहू देते.

ता. क. दुसरा. पाऊस पडेपर्यंत त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या. मी आले असते, पण नळाला कुणीतरी घरी लागते. कितीदाही जाऊ द्या, तिथे कुणी बादल्या मोजू नका. मी मोजल्या तेवढे पुरे.

कमरोद्दीनभाईंच्या रिक्षातून सोबत दिले: मशीन एक, वही एक, वजनकाटा एक, रोजच्या गोळ्यांच्या तीस पुड्या, तारखा घालून. तुमचे बंधू, वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम, बीपी एकशेसहा, डाव्या पायाला किंचित सूज. मिळाल्याची सही रिक्षातूनच पाठवावी.