जाळलेल्या पट्ट्या

३ मार्च
आलो एकदाचा! पाटी ‘विशेष उपचार केंद्रा’ची, आत एक वॉर्ड, वीस खाटा आणि डॉक्टर मी एकटा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! इथे एकेकाला तीन-तीन आजार: एचआयव्ही, क्षय, वर मेंदूत बुरशी. तापात बरळणाऱ्यांना पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवतात. माणसं आहेत की गुरं? संतापलो आणि सगळ्या पट्ट्या मागच्या भट्टीत जाळल्या. वॉर्डबॉय मामांनी कपाळाला हात लावला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस.

६ मार्च
तीन नंबरच्या खाटेवरचा ड्रायव्हर बायकोला ओळखत नाही. वहिनी उशाशी बसून असतात. लग्नापासून त्याने कधी नावाने हाक मारली नाही, नुसतं ‘अगं, ऐकलंस का?’ तेवढं एकदा ऐकायचंय, म्हणाल्या. मी शब्द देऊन बसलो.

नियम असा, की आधी बुरशी मारायची, एचआयव्हीच्या गोळ्या मागाहून. नाहीतर शरीराची झोपलेली फौज उठते आणि मेंदूतच मारामारी सुरू करते. पण बुरशीचं औषध संपलंय, कधी येईल कुणालाच ठाऊक नाही. माझ्याच्याने थांबवेना. गोळ्या सुरू केल्या.

१४ मार्च
ड्रायव्हर उठून बसला! जेवलासुद्धा. वहिनी पहिल्यांदा हसल्या. फक्त तो डोळे मिटत नाही, झोपेतही नाही. मला ते आवडलेलं नाही.

१७ मार्च
सलाइनचा स्टँड उपटून त्याने मामांचा जबडा फोडला. फरशीवर दात. चौघांनी धरलं, चौघांनाही फेकलं. मोठ्या सिस्टरांनी पट्ट्या मागितल्या. त्या तर मीच जाळलेल्या. चादरी फाडून बांधला. झोपेचं इंजेक्शन दुप्पट दिलं, तरी डोळे उघडेच. नाडी लागली नाही. माझीच बोटं थरथरत होती, म्हणून नसेल लागली.

१८ मार्च, दुपार
चादरी दातांनी तोडल्या. मोठ्या सिस्टर गेल्या. त्याने त्यांचं डोकं भिंतीवर — पुन्हा — पुन्हा — मी नुसता बघत राहिलो. भित्रा आहे मी.

वहिनींना ओढत औषधांच्या खोलीत आणलं. आतून कडी. तो दारावर धडका देतोय. बाहेर आता कुणी ओरडत नाही.

धडका थांबल्या.

वहिनींना सांगितलं, तो आता तुमचा राहिलेला नाही. त्यांनी मान हलवली. नजर दारावरच.

बाहेरून आवाज. हळू. मायेचा.

‘अगं, ऐकलंस का?’

वहिनी हसतायत — रडतायत — नका म्हणालो — पण शब्द मीच दिला होता — त्यांचा हात कडीव