शिवोलीतली नोंद

२ मार्च, रविवार
मॅक्सवेलचा मुंबईहून फोन. मोठा भाऊ फोन करतो म्हणजे काम असतं! आमचे आजोबा कॉस्मे — मांयचे वडील — पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मले असतील तर मांयमार्फत पोर्तुगीज पासपोर्टचा मार्ग उघडतो म्हणे. "क्लॉडिया, तू घराकच असतंस, जरा सोद."

घरीच! सहा वर्षं झाली. मांय न्हाणीत पडली, खुबा मोडला, आणि मी सावंतवाडीच्या शाळेतली नोकरी सोडून देवबागला आले, ती आलेच. इकडे समुद्र, तिकडे खाडी, मध्ये आजोबांचं घर आणि पर्यटकांच्या दोन खोल्या. बाहेर पडायला एकच रस्ता. तोही मला तासाभराच्या वर वापरता येत नाही.

४ मार्च
मांयला विचारलं, आजोबा खंय जन्मले गो?
"हयच. आनी खंय?"
संपलं. भिंतीकडे तोंड.

९ मार्च
आजोबांची पेटी उघडली. गंजलेल्या टाचण्या काढल्या, कागद सावलीत पसरले, सुती कापडात गुंडाळले. प्लास्टिकमध्ये ठेवायचे नाहीत — इथल्या हवेत घाम धरतात. मागच्या वर्षी हुशारी करून दोन फोटो लॅमिनेट केले होते. आता आतल्या आत बुरशी, आणि काढायला जावं तर चेहराच निघतो. माझी मीच माती केली!

उरलेल्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने हलकेच लिहिलं: कोण, कुठे, हे मला कुणी सांगितलं, कधी. "कुणी सांगितलं" हे महत्त्वाचं. मांय एकाच फोटोतल्या बाईला एकदा आत्या म्हणते, एकदा शेजारीण. दोन्ही लिहिलं. दुरुस्त करणारी मी कोण?

जन्माचा कागद मात्र नाही.

२१ मार्च
फादरनी चर्चची जुनी रजिस्टरं दाखवली. आजोबांच्या धाकट्या भावंडांचे बाप्तिस्मे सापडले — १९२७, १९३०, १९३४. आजोबांचा नाहीच. सहा वर्षांची पानं दोनदा चाळली. माणूस काय आकाशातून पडला?

२३ मार्च
मांयची आंघोळ. तीन चादरी. दोन नंबरच्या पाहुण्यांचा एसी गार करत नाही!! आज इतिहास नाही.

३० मार्च
चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर फादरनी सहज विचारलं, "आजोबा थोरले ना तुमचे? मग त्यांच्या आईचं माहेर बघितलं का?"

कपाळावर हात मारला. पहिलं बाळंतपण माहेरी! शेजारच्या यशोदाकाकूंची संचिता आठवा महिना लागला म्हणून माहेरी येऊन बसलीय, रोज माझ्याकडे कैरी मागते, आणि मी नवऱ्याकडच्या गावात बाळ शोधतेय. पुन्हा रजिस्टर मागितलं, या वेळी लग्नांचं. १९२३. आजोबांची आई, म्हणजे माझी पणजी, शिवोलीची. गोवा!

वहीत लिहिलं: नोंद सापडत नसेल तर बाईचं माहेर शोधावं. घरात ते कुणाला सांगता येत नाही. मला तरी कुठे येत होतं?

११ एप्रिल
यशोदाकाकू मांयजवळ बसल्या. मी पहाटेच्या एसटीने शिवोलीला निघाले.

तिथल्या चर्चच्या रजिस्टरात सापडलं. १९२४. कॉस्मे, बाप देवबागचा, आई शिवोलीची. आधी पान नंबर लिहून घेतला, मग नोंद उतरवली, मग फोटो. 

मग रस्त्याकडेच्या गाड्यावर लिंबूसोडा प्यायले. एकटी! अडीच तास कुणी हाक मारली नाही. परतीची बस चुकावी असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

बस वेळेवर आली.

१२ एप्रिल
मॅक्सवेल: "गावला काय?"
मी: "नाय."

का खोटं बोलले? तो पोर्तुगालला गेला की नाताळला येतो तेवढाही येणार नाही. मग मी इथे कायमची. आता निदान भांडायला कुणीतरी मुंबईत आहे.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
राहवलं नाही. मांयला सांगितलं, आजोबांची नोंद शिवोलीत गावली.
ती छताकडे बघत म्हणाली, "माका ठावक होतां."

दीड महिना! दीड महिना मी धूळ खातेय, आणि ही खाटेवर पडून सगळं ओळखून!

"सांगलां असतां तर हय कोण ऱ्हवलां असतां?"

मी ओरडले. गुड फ्रायडेला, आईवर. फुलपात्रही आपटलं. मग ओट्यापाशी जाऊन रडले. रडताना लक्षात आलं, सहा दिवसांपूर्वी मॅक्सवेलशी मीही हेच केलं होतं. तिचीच मुलगी मी.

संध्याकाळी मॅक्सवेलला नोंदीचा फोटो पाठवून दिला.

२६ एप्रिल
एजंटाचा फॉर्म कुरिअरने आला. मांयची सही हवी. आत मॅक्सवेल, त्याची बायको, दोन्ही मुलगे. माझं नाव नाही. मुद्दाम फोन करून विचारलं.

"तू खंय जातलंस गो? मगे मांयक कोण बघतलो?"

रागावून नाही हो, अगदी प्रेमाने म्हणाला.  मांयची लापशी ढवळत होते म्हणून फोन स्पीकरवर होता.

२८ एप्रिल
मांयने चष्मा मागितला. फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला, बोट ठेवून. पेन पुढे केलं तर घेईना.

"क्लॉडिया खंय आसा ह्येच्यात? आदी तुज्या नावाचो फॉर्म मागव. त्येच्यार सही करतंय. आनी मॅक्सवेलाक सांग — हय ये, म्हयनोभर माका न्हाणय, मगे तुजी सही."

मॅक्सवेलला फोन लावला. स्पीकरवर.