मोहाचं झाड आणि मी पसरवलेला शब्द

मी श्रीहरी देवाजी रामटेके, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार भुरकीटोला, तालुका कुरखेडा, हे मृत्युपत्र लिहितो. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. दाब आहे तो लिहू नये म्हणूनच.

१. घर व धानाची बांधी मुलगा अश्विन याला. मुलगी नंदिनी हिला तिच्या आईच्या पाटल्या. जावयाला काही नाही. काऊन, ते त्याला ठाऊक आहे.

२. बांधावरचं मोहाचं झाड रुखमाबाई झिंगू मेश्राम यांना. ते त्यांचंच होतं. १९९४ च्या चैतात माझा धाकटा कुलदीप तापाने गेला. त्या पहाटे रुखमाबाई मोह वेचण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळत होत्या. इकडे सगळेच जाळतात, मीही. तरी विहाराच्या ओट्यावर मी ओरडलो, "हे करणीवाली हाय! इनंच माह्या पोराले खाल्लं!"

करणीवाली म्हणजे नेमकं काय, ते मला आजही सांगता येणार नाही. वापर मात्र पक्का ठाऊक होता. हा शब्द बाईवर टाकला की तिला विहिरीवर घागर बुडवू देत नाहीत, लग्नाला बोलावत नाहीत, तिच्याच झाडाखाली उभं राहू देत नाहीत. पुढच्या हंगामात मोह मी वेचला. दवाखान्याने मलेरिया लिहून दिलेला कागद पेटीत दाबून ठेवला होता, तो सोबत जोडला आहे. दर पौर्णिमेला पंचशील म्हणताना खोटं बोलणार नाही असंही म्हणत होतो. थू माझ्यावर.

३. माझी मयत उचलण्याआधी कलम २ चौकात मोठ्याने वाचावं. अश्विन म्हणतो, "बाबा, आमाले तोंड दाखवाले जागा ठेवून नाई राह्यले तुमी." वाचलं नाही तर घर नंदिनीचं.

४. सही करण्यापूर्वी हे रुखमाबाईंना वकिलांसमोर वाचून दाखवलं. त्यांनी मग विचारलं, "साक्षीदार कोन हाय?"

टेलर इनायतभाई, आणि एक शोधायचा आहे, मी म्हणालो.

"मले कर."

वकिलांनी समजावलं, बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, झाड जाईल.

"जाऊ द्या. एकतीस वर्षं या गावानं माही साक्ष कुठीच घेतली नाई. ग्रामसभेत उभी राह्यली त लोक उठून जात. मी इथी सही करतो."

म्हणून झाडाची देणगी रद्द, झाड अश्विनला. कलम २ मधलं बाकी सगळं, माझ्या खोट्यासकट, कायम.

सही: श्रीहरी देवाजी रामटेके

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१) रुखमाबाई झिंगू मेश्राम, भुरकीटोला
२) इनायत शेख, टेलर, कुरखेडा

ठिकाण: कुरखेडा
दिनांक: १२ मे २०२५