ज्याचा उपास, त्याचा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, कोणाच्या दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. 'मन स्थिर असताना' असे इथे लिहायची पद्धत आहे म्हणे. ते मला लिहवत नाही. सकाळपासून तीनदा खुर्चीवरून उठलो, एकदा उगाच नळ बंद आहे का ते बघून आलो. बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. सर्वांची कागदोपत्री नावे वकीलबाईंनी वेगळ्या यादीत घेतली आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारतो तसेच लिहितो, नाहीतर कोणाबद्दल लिहितोय ते मलाच कळायचे नाही.

कलम एक. वरच्या दोन्ही खोल्या, बँकेत असेल ते, आणि त्याच्या आईचे कपाट माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावे. कपाटाचे दार लावताना खालून उचलावे लागते. तेल घालून उपयोग नाही, मी घालून पाहिले आहे.

कलम दोन. कटिंग मशीन, दाबाची प्रेस, सुया आणि दोऱ्याची रिळे समोरच्या गल्लीतल्या बाइंडरला द्यावीत. याने शाळेची सगळी कामे माझ्या तोंडातून काढून नेली. हातात कला नाही, पुठ्ठा वाकडा कापतो. निदान यंत्र तरी सरळ असावे.

कलम तीन. माझे थोरले बंधू यांना माझा पाणी पिण्याचा स्टीलचा पेला द्यावा, तोही भरून. चौदा वर्षे त्यांनी या घरात पाण्याचा थेंब घेतलेला नाही. त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

माझी बायको पंधरवड्याला उपास करायची. त्या दिवशी आपल्या वाटणीचे जेवण रांधायची, ताट झाकायची आणि खाली बांधणीच्या खोलीत आणून ठेवायची. पहिला जो भुकेला येईल, त्याचे. मी हसलो तर म्हणाली, "अहो, खायचं नाही म्हणून रांधायचंच नाही, असं कुठं लिहिलंय?" पहिल्या मजल्यावर ड्रायव्हरचे बिऱ्हाड. त्याच्या बायकोला आख्खी इमारत भाभी म्हणते. तिच्या रोज्यांच्या महिन्यात तिने हे ताट पाहिले आणि दुसऱ्या दिवशी आपलेही आणून शेजारी ठेवले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर आल्या. त्या दवाखान्यात नर्स. त्यांच्या चर्चचे उपासाचे चाळीस दिवस, शिवाय दर शुक्रवार. मग कोपऱ्यावरचे घड्याळवाले, ज्यांच्यात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही आणि ज्यांचे उपास मोजायला दोन हातांची बोटे पुरत नाहीत.

वर्षभरात माझ्या ध्यानात आले की या चौघांत मिळून जवळजवळ रोज कोणीतरी उपाशी असते, म्हणून खाली रोज कोणीतरी जेवते. ताटांची पातेली झाली. बायकोने कागदाचे गठ्ठे भिंतीशी लोटून बाक टाकले. मी कुरकुर केली. खळीसाठी आणलेल्या मैद्याचे पाव होऊ लागले तेव्हा तर फारच केली. उपास मला स्वतःला एकदाही निभला नाही. अकरा वाजले की मी असा तडकायचो की बायको म्हणायची, "खा हो तुम्ही. तुमचा उपास आम्हाला भोवतो."

तर भाभीचे पातेले आमच्या शेगडीवर चढले, त्या दिवशी थोरले बंधू अर्ध्या जेवणावरून उठले. पेला त्यासाठी. राग आता फारसा नाही. थोडा आहे.

कलम चार. हे कलम वकीलबाईंनी खोडले होते, मी पुन्हा लिहीत आहे. ते रद्दीवाल्याबद्दल आहे. तो आठ वर्षे माझ्याकडून कापलेल्या कागदाच्या पट्ट्या न्यायचा आणि जाताना खाली जेवून जायचा.

बायको जाऊन वर्ष झाले होते. रोज्यांचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. सिस्टरची दिवसपाळी, घड्याळवाले मुलीकडे गेलेले, म्हणजे रांधणारी एकटी भाभी. मला वाटले, दिवसभर तोंडात पाणी न घेतलेल्या बाईसमोर लोकांनी घास घेणे बरे नाही. तिला न विचारता मी पुठ्ठ्याची पाटी करून दारावर लावली: जेवण सूर्यास्तानंतर. फार चांगले काम केल्यासारखे वाटले.

दुपारी दोनला रद्दीवाला आला. "काका, आहे का काही?"

मी म्हणालो, "पाटी वाच. बाईचा उपास आहे. तिच्यासमोर बसून खाणार का तू? जरा तरी लाज बाळग."

तो "बरं" म्हणाला आणि गाडी ढकलत गेला.

भाभी मागून पातेले घेऊन आली. "कोण होतं?" मी सांगितले, जरा ऐटीतच. तिने पातेले खाली ठेवले. "भाईसाहेब, मी बोलले होते तुम्हाला असं? उपास माझा आहे. तो त्याच्या डोक्यावर कशाला ठेवलात?"

तशीच अनवाणी रस्त्यावर गेली. डांबर वितळत होते. चौकापर्यंत जाऊन आली; तो कुठे दिसला नाही. तिने त्याचे ताट वाढून झाकून ठेवले, पाटी काढून माझ्या हातात दिली आणि पुढे चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही, आठवडाभर आला नाही. बाराव्या दिवशी मी रद्दीच्या गोदामात विचारले. पायाची जखम चिघळली म्हणून तो सरकारी दवाखान्यात असल्याचे कळले. मी डबा घेऊन गेलो. दाराजवळच्या खाटेवर बसला होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"कशाचं काका?" त्याने डबा उघडला, वास घेतला आणि तसाच शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यापुढे सरकवला. "आज नको. आज माझा उपास आहे."

"कसला?"

"आहे एक."

"अरे, तू कशाला उपास करतोस? तू तर एरवीही..." एवढे बोललो आणि जीभ चावली.

तो शांतपणे म्हणाला, "एरवी असतो ते वेगळं, काका. हा मी ठरवलेला आहे."

आणि म्हातारा जेवत होता तिकडे बघत राहिला. माझी बायको आपले ताट दुसऱ्याला वाढून अशीच बघत बसायची.

तिसऱ्या दिवशी गेलो तर खाट रिकामी. घरी सोडले होते. घर कुठले, ते कोणाला ठाऊक नव्हते. त्याचा उपास खरा होता की माझ्या हातचे त्याला नको होते, हे मला आजवर कळलेले नाही. सिस्टर म्हणतात, "काका, दोन्ही असू शकतं." या उत्तराने जिवाला काही स्वस्थता येत नाही. रद्दीवाल्याला काही द्यावे म्हटले तर वकीलबाई म्हणतात, नाव-पत्त्याशिवाय देता येत नाही. आठ वर्षांत मी त्याचे नाव विचारले नव्हते.

कलम पाच. म्हणून तळमजल्याची बांधणीची खोली, शेगडी, बाक आणि भांड्यांसह, भाभी आणि सिस्टर यांना मिळून द्यावी. अट एवढीच की दारावर वेळेची पाटी नको. जेवणाऱ्याला धर्म विचारू नये, रांधणाऱ्यालाही विचारू नये, आणि कोणाची लाज काढू नये.

याला माझ्या मुलाची हरकत होती. "रोज अनोळखी माणसं घरात, बाबा. तुम्ही गेल्यावर मी काय करायचं?"

"वाढायचं," मी म्हणालो. दोन दिवस अबोला होता. आज भाभी तापाने पडली आहे, सिस्टर कामावर आहेत. मी जिना उतरायला निघालो तर याने मला हाताला धरून परत बसवले, "तुम्ही लिहा" म्हणाला आणि ऑफिसच्या कपड्यांतच खाली गेला. अकरापासून भांड्यांचा आवाज ऐकतो आहे. झाकण दोनदा पडले.

कलम सहा. मी गेल्यावर माझ्या नावाने कोणी उपाशी राहू नये. ज्याचा स्वतःचा उपास असेल त्याने तो खुशाल करावा. मी वर आडवा असलो तरी खाली पंगत वेळेवर बसवावी.

इथे सही करणार होतो, तेवढ्यात मुलगा जिन्यावरून विचारतो आहे, "बाबा, एकजण आलाय. जेवायचं नाही म्हणतो, नुसतं बसायचंय. काय करू?"

कलम सात. ज्याला जेवायचे नाही, त्यालाही बसायला जागा द्यावी.

सही: पुस्तकबांधणीवाला
ठिकाण: वरची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक सतरा, गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

ज्यांना या कागदाने काही मिळते त्यांची साक्ष चालत नाही, म्हणून:
साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे घड्याळवाले (आज उपास)
साक्षीदार दुसरे: डॉक्टर (आज उपास नाही, सही करून खाली जेवायला गेले)