अल हैलची बोगनवेल

अल हैल, मस्कत

चि. प्रशांत यास शिरीषदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ आता वाकते का, आणि तुझी उत्तरा तुला आता जिना चढू देते का, ते कळव. इकडे चिन्मय आणि सूनबाई देविका मजेत. मीही उत्तम आहे (उजवा तळहात सोडून, त्याचं पुढे येईल).

तू फाटकापाशी बोगनवेल लावायची म्हणतोस. मला विचारलंस ते बरं केलंस. (विचारलं नव्हतंस, पण विचारणार होतास.) या विषयात आता इथे माझ्या शब्दाला वजन आहे. गेल्या हिवाळ्यात मी चिन्मयच्या घरामागे वेल लावली तेव्हा ती म्हणजे नुसत्या काटक्या होत्या. तत्त्व एकच : लाड करायचे नाहीत. ऊन भरपूर, पाणी बेताचं. तहान लागली की ती फुलते. म्हणून भर उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, मी तिला कडक शिस्तीत ठेवलं. माझ्या मागे देविका तिला रोज बादलीभर पाणी घालत होती, हे मला फार उशिरा कळलं. शेजारच्या गुलबानूभाभींनाही तिची दया यायची, म्हणून त्या भिंतीवरून नळी सोडायच्या. (त्या आणि हारूनभाई मूळचे रत्नागिरीचे, त्यांचं मत्रहला कापडाचं दुकान आहे.) झालं काय, वेल माजली. पानंच पानं, हे एवढाले काटे, आणि फूल नावाला नाही.

मग हवा जरा गार झाली आणि एका सकाळी पाहतो तर भिंतीचा माथा गुलाबी! फक्त सगळी फुलं हारूनभाईंच्या बाजूला. मेहनत माझी, काटे माझे आणि शोभा त्यांच्या अंगणाला, हे मला पटेना. फांद्या आपल्याकडे वळवाव्यात म्हणून मी स्टुलावर चढलो, त्यांच्या बाजूला ओणवा झालो, आणि स्टूल पडलं. माझे पाय चिन्मयच्या हद्दीत लोंबकळत होते आणि सदरा हारूनभाईंच्या हद्दीत काट्यांना अडकला होता. ते खालीच चहा पीत बसले होते.

“शिरीषभाई, हलू नका! हलाल तेवढं अडकाल.”

“काही नाही, जरा छाटणी बघत होतो.”

“बघा, सावकाश बघा. गुलबानू, कातर आण गो!”

कापडवाल्याचा हात तो. सदरा असा सरळ कापला की मला वाईटसुद्धा वाटलं नाही. गुलबानूभाभींनी सुईने तळहातातले काटे काढले. त्या वेळात मी दोघांना बोगनवेलीची सगळी निगा समजावून दिली. हारूनभाई फार मन लावून ऐकतात. तेव्हापासून संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच असतो, आणि मी रोज नवा मुद्दा सांगतो.

तेव्हा तू बिनधास्त लाव. मी आहे.

तुझा,
शिरीषदादा

ता. क. : देविका आत्ताच गच्चीवरून नीट पाहून आली. फुलांची फांदी खाली हारूनभाईंच्या कुंडीत उतरते म्हणे. त्यांची वेल निराळी. दोन्ही वरती एकमेकींत गुंतल्यात. आपली अजून पानांवरच आहे.

आणखी ता. क. : येत्या शुक्रवारी इथल्या मराठी मंडळींसमोर ‘बोगनवेल : लागवड आणि निगा’ यावर माझं भाषण आहे. तिला फुलं येण्यासाठी नक्की काय करतात, ते माझं नाव न घेता उत्तराला विचार आणि गुरुवारच्या आत कळव. हारूनभाई पहिल्या रांगेत बसणार आहेत. भाषणाची कल्पना त्यांचीच.